मानशीचं दार

गुरुवारी सकाळी बांबोळीला,
रक्त काढण्याच्या खिडकीमागच्या अरुंद खोलीत
सोळा वर्षं मी तेच बोलते:
गोळी रोज रात्री आठला. आठ म्हणजे आठ.
चुकली तर दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या नाहीत.
गुडघा दुखला म्हणून दुकानातून काही आणायचं नाही.
तांबडी भाजी खा, पण आज टोपलीभर
आणि मग आठवडाभर नाही, असं नको.
दात काढायचा तर तोंड उघडण्याआधी
डॉक्टरला सांगा, छातीत काय बसवलंय ते.
हिरड्यांतून रक्त, काळी शौच, डोक्याला मार:
गुरुवारची वाट बघू नका.
फेणीचं कोणीतरी विचारतोच,
शेजाऱ्यासाठी.

सगळे माना हलवतात.
सगुण गावडे, मडकई, वय एकावन्न,
शर्टाच्या दोन बटणांमधून दिसणारी ताजी शिवण,
हलवत नव्हता.
"बाय, हे नवं दार एकाच बाजूला उघडतं?"
एकाच.
"मग ती आमची मानस."

मी डिचोलीची, खाणीच्या लाल धुळीतली.
मानस मला ऐकूनच ठाऊक.
त्याने माझ्या तक्त्याच्या पाठीवर पेन्सिलीने काढली:
इकडे नदी, इकडे खाजन, मध्ये बांध,
बांधात लाकडाची झडप.
ओहोटीला आतलं पाणी ढकलतं, ती उघडते.
भरतीला नदी ढकलते, ती मिटते.
कोणी हात लावत नाही.
हात लावायचा तो कालवं खरवडायला.
धरतात ती लाकडावर, नखाएवढी, एकावर एक,
मग दार पुरतं मिटत नाही
आणि खारं पाणी कोरगुटाच्या मुळाशी.
"गोळी म्हणजे कालवं धरू न देणारी."
हो. आणि जास्त झाली तर?
त्याने पेन्सिल बांधावर टेकवली.
"तर हा मऊ पडतो. कुर्लीने एक भोक पाडलं,
की सकाळपर्यंत त्यातून होडी जाते."

तो तक्ता मी भिंतीला उलटा लावला,
पेन्सिलीची बाजू वर.
पुढच्या प्रत्येकाला मानस सांगितली.
फार खूश होते मी स्वतःवर.

दोन महिन्यांनी त्याचा आकडा आला: एक पूर्णांक चार.
हवा अडीच ते साडेतीन.
गोळ्या मोजल्या. अकरा उरलेल्या.
सगुण, आठ वाजता काय करता?
"आठ कशाला? ओहोटी लागली की घेतो.
नदी रोज पाऊण तास उशीर करते, मीही करतो.
कधी पहाटे तीनला लागते.
तेव्हा झोप असते, बाय."

मला आधी हसू आलं, मग घाम.
खुर्ची जवळ ओढून म्हटलं,
दार मानशीसारखं आहे, सगुण,
पण रक्ताला अमावास्या नसते, पुनव नसते.
तिथे रोजच आठ वाजतात.
तो बराच वेळ तक्त्याकडे बघत राहिला,
आपल्याच नदीने आपल्याला फसवावं तसा.

आता फोंड्याहून शेवटची बस
त्याच्या वडाच्या वळणावर हॉर्न मारते,
तेव्हा घेतो.
रविवारी बस नसते.
"रविवारी बायको मारते."
तीच सांगते, पूर्वी हे घोरायचे,
आता उशीतून टिकटिक येते.
पहिल्या रात्री तिने कपाटातलं घड्याळ
काढून पडवीत नेऊन ठेवलं होतं.

आज दोन पूर्णांक नऊ.
मी वहीत लिहिते, पुढची तारीख देते.
सुई काढल्यावर त्याचं रक्त थांबायला
इतरांहून जरा वेळ लागतो.
तो कापूस दाबून धरतो, मी त्याच्या बोटावर बोट,
बाहेर रांग कुरकुरते,
आम्ही दोघं थांबतो.