शुक्रवारची वही

ओवळ्याच्या पुढे, खाडीच्या अंगाला,
टॉवरच्या सावल्या जिथे दुपारी तीननंतर पोचतात
तिथे आमची पागा. सोळा घोडे, एक वजनकाटा.
दर शुक्रवारी वजनं मी लिहिते.
कुमैत ४३१. सब्जा ४४६.
सुरंग पोर ३९८. मागच्या शुक्रवारीही ३९८.

पेसी सेठ वही चाळतात, चष्मा कपाळावर.
"ही पळणार कधी? डिसेंबर संपत आला."
शिद्रामनानांचा खरारा थांबत नाही.
"पळंल की. तिची ती."

घोडा कसा ओळखायचा, असं कुणी विचारलं
की नाना आधी पाणी पितात,
मग भोवऱ्यांचं सांगतात: कपाळावरचा चांगला, गळ्याखालचा त्याहून चांगला.
मालकांना तेवढं पुरतं.
मला मात्र त्यांनी पोरीच्या गुडघ्यावर हात ठेवायला लावला.
"दाब. लागली फट?"
लागली. हाडाशेजारी काहीतरी अजून कच्चं होतं,
उमटलेलं पण न वाळलेलं.
"भिंती ओल्या हायत. एवढ्यात पंगत बसवायची?"

पुठ्ठा खांद्याहून दोन बोटं वर.
मागचं आलंय, पुढचं यायचंय.
कुमैताकडे बघ, म्हणाले, आखूड, गच्च, आत्ताच बापासारखा;
दोन शर्यती मारल्यात, तिसरीही मारेल.
पण त्याचं झालं. तो आता आहे तेवढाच.
फेब्रुवारीत लांबचं अंतर असतं,
शेवटच्या वळणानंतर छाती लागते,
आणि छाती सगळ्यात उशिरा येते.

आणि तोबरा बघायचा.
सुरंग पोर हरून येते,
सातवी, नववी, एकदा शेवटून दुसरी,
आणि तोबऱ्याचा तळ चाटून काढते.
त्या संध्याकाळी नाना एक बिडी जास्त ओढतात.

"तुमचं नेहमी बरोबर येतं?"
त्यांनी खाटेखालून डालड्याचा डबा ओढला. आत नाल.
ज्याच्या ज्याच्यासाठी त्यांनी "थांबा" म्हटलं
त्याचा पहिला नाल. मी मोजले, अठ्ठावीस.
"यातले पाच," म्हणाले.
बाकीचे?
"बाकीचे नुसतेच उशिरा."

पलीकडे घोडबंदर. म्हणतात, तिथे गलबतांतून अरबी घोडे उतरायचे.
मला ते गिऱ्हाईक दिसतं, चिखलात उभं, कमरेला कसा,
समोर महिनाभर समुद्रावर डुलून आलेला घोडा,
पाय जमिनीला अजून लाट समजतायत.
अशाचं काय बघायचं? तरी बघतच असणार,
दातात बोट घालून, शेपटी उचलून,
आणि घरी जाताना मनातल्या मनात घासाघीस करत.

तर गेल्या शुक्रवारची गोष्ट.
सेठ म्हणाले होते, यावेळी काटा हलला नाही
तर ती रायडिंग स्कूलला, पोरांना फिरवायला.
काट्यावर ती उभी. कान मागे. ३९८.
माझ्या चपलेचं टोक फळीवर कधी गेलं, सांगता येत नाही.
४०२.
मी लिहिलं. अक्षर नेहमीसारखंच आलं.
सेठ म्हणाले, बरं, महिनाअखेर बघू.
नाना माझ्या पायाकडे बघत होते.
काही बोलले नाहीत, फक्त जाताना
"चप्पल बाहेर काढत जा," एवढंच.

आज अनवाणी. फरशी गार.
ती फळीवर चढली, न ओढता, आपणहून.
आकडे थरथरले, वर गेले, खाली आले, थांबले.
४०१.
तीन किलो, खरे, तिचे स्वतःचे.
पण वहीत ती एका किलोने उतरली आहे,
आणि सेठ साडेचारला येतात.

नाना तोबरा भरतायत. रोजच्यापेक्षा एक मूठ जास्त,
हरभरा.
पेनाचं टोपण दातात धरून मी उभी.
पोर तोबऱ्यात नाक खुपसून फुंकरते,
कोंडा उडून तिच्याच डोळ्यांत जातो,
तरी खातेय.