बॅटरी बदलण्याआधी

सिंथच्या बोटभर पडद्यावर आठवडाभर एकच ओळ:
आतली बॅटरी संपत आली.
ती बदलली की मेमरीतले चौसष्ट आवाज पुसले जाणार,
म्हणून धरणगावात, जिनिंगच्या मागच्या खोलीत
मी आणि सुपडूमामा
एकेक आवाज लॅपटॉपमध्ये उतरवून घेतोय.

दोन तारा, डावी आणि उजवी.
उजवीचा जॅक सैल, त्याला सायकलच्या ट्यूबची चकती.
मधे निळी डबी, जळगावहून उसनी आणलेली,
दिवा हिरवा तोवर ठीक, लाल झाला की आवाज फाटला.
मामा वाकून तारेकडे बघतो:
"आवाज या तारमाईन जास? मंग आपले आयकू कसा येत नही?"
हेडफोन देतो. तो एकच कान झाकतो.
दुसरा तीस वर्षं ताशाच्या बाजूला चालला,
त्याला आता झाकायची गरज नाही.

पहिल्या फेरीत प्रत्येक आवाजाखाली एक घूं.
तार बदलली, घूं. प्लग उलटा केला, घूं.
सिंथ बंद केला तरी ती आपली चालूच,
वरात निघून गेल्यावर मांडवामागे विसरलेल्या जनरेटरसारखी.
शेवटी लॅपटॉपचा चार्जर उपसला
आणि एवढी शांतता झाली
की मामानं विचारलं, बंद पडनं का?
एकाहत्तर टक्के. चौसष्ट आवाज.

कळ दाबल्यावर आवाज लॅपटॉपातून फिरून यायला
किंचित उशीर होतो.
मामा वैतागत नाही. वरातीत असंच असतं, म्हणतो,
पुढचा ढोल मागच्या खुळखुळ्यापर्यंत पोचेतो
घोड्यानं एक पाय उचललेला असतो.
त्यानं बोट थोडं आधी टाकायला सुरुवात केली.
मी सेटिंग बदलणार होतो. नाही बदललं.

नावं आठ अक्षरांत कोंबलेली, स्पेलिंग त्याचं त्याचं:
हळद दोन. घोडा. सनई नाकातली. पारोळा.
पारोळा का?
"तठे पेटी फुटनी व्हती. तिना आवाज बनाडा."

एकोणिसाव्याला जिनिंगची मोटर सुरू झाली,
रेषेवर एक काटा उभा राहिला. टक्.
पुन्हा घेतला, पुन्हा टक्.
तिसऱ्यांदा काट्यासकट ठेवला.

एक्केचाळीसला नाव नाही. आवाजही नाही.
कळ दाबली, रेषा आडवी. एकतीस टक्के.
पुढे जाऊ म्हटलं,
तर मामानं माझ्या बोटावर बोट ठेवलं.
"दाबी ठेव."
आडवी.
पत्र्यावरून मांजर गेलं.
आडवी.
मग रेषा जराशी सुजली,
आवाज नव्हे, आवाज येणार असल्याची शंका,
आणि किती सेकंदांनी कोण जाणे
हेडफोनमधून बाहेर सांडेल एवढा तो भरला होता.
पाठवणीचा, मामा म्हणाला.
बायका रडू लागल्या म्हणून बँड सुरू झाला,
की बँड सुरू झाला म्हणून त्या रडू लागल्या,
हे कुणाला कळायला नको. म्हणून असा.
अशा किती वाजवल्या, मी विचारलं.
त्यानं अजून बोट उचललं नव्हतं.
लॅपटॉप फाइलला नाव मागत होता. मी आकडाच लिहिला.

चौसष्टावा झाला तेव्हा चार टक्के उरले होते.
झाकण उघडलं. आत कापसाचे तंतू,
अक्षतांचा एक दाणा, हळद उडालेला.
डाग वितळवून जुना सेल सोडवला, नवा बसवला.
पडदा उजळला:
चौसष्ट जागा, सगळ्यांना कारखान्यानं दिलेलं एकच नाव.
मामानं त्याकडे पाहिलंही नाही.
जुना सेल त्यानं बनियनला पुसला,
जिभेवर ठेवला, डोळे बारीक केले.
"आंबट लागस," म्हणाला.
"आजून जीव शे यामा."