तीन बाजू दिसल्या तर घर

महापेला चौथ्या मजल्यावर
दुपारच्या पाळीत मी घरं मोजते.
उपग्रहाच्या चित्रात दगडी चौथरे,
अँडीजमधल्या कुठल्याशा नदीच्या काठांना,
इतक्या उंचावर की तिथं डाळ शिजायला दीड तास लागेल,
असं आमचा काळसेकर सांगतो.
तोही कधी गेलेला नाही.

नियम सोपा.
तीन बाजू दिसल्या तर घर, पिवळी रेघ.
दोन दिसल्या तर शंका, लाल.
एकच असेल तर सोडून द्यायचं,
गुरं अडवायला कुणी दगड रचले असतील.

मंगळवारी एकाच टेकाडावर एकशे बारा घरं निघाली.
मधे मोकळी जागा. तिथं मका वाळत घालत असतील,
भांडतही असतील.
चित्रात ते येत नाही.

रात्री उलव्याला आईला सांगितलं.
ती सुकट निवडत होती, मान वर न करता म्हणाली,
"गेली कुठं ती मानसं?"
माहीत नाही गं. नदी आटली असेल. कुणी उठवलं असेल.
"मंग त्याना सारेबारा टक्के मिलले का गो?"

मी हसले.
ती नाही.

काल काम लवकर उरकलं, काळसेकर चहाला गेलेला.
मी नकाशा ओढत आणला,
डोंगर, जंगल, समुद्र, आफ्रिका, पुन्हा समुद्र,
आणि गाढीच्या तोंडाशी थांबले, आमच्या आंबुडीवर.
सगळं सपाट. भरावाची तांबूस माती.
मोठं केलं. अजून मोठं केलं.

विहिरीचा काठ सापडला. गोल.
गोलाबद्दल नियमात काही नाही.
मिठागराच्या बांधाची एक रेघ.
धर्माकाकाच्या घराची एकच बाजू, म्हणजे सोडून द्यायचं,
जिथं त्याने चार पोरींची लग्नं लावली.
आणि आमचं जोतं:
दोन बाजू.
तिसरीवरून डंपर वळतात.

लाल काढली. पुसली.
पिवळी काढली, हात थोडा हलला.
शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं:
तिसरी बाजू होती. तिला पाठ टेकून
मी एकोणतीसचा पाढा पाठ केला,
भिंत पावसात ओली लागायची.

काळसेकर मागे येऊन उभा. बशीतला चहा फुंकत म्हणाला,
"हे कुठल्या खोऱ्यातलं?
आपल्या यादीत नाही हे."