तांदळाच्या डब्यात

वेनांसियो, साधा प्रश्न आहे.
दीड हात जाड चिऱ्याच्या भिंतीतून वायफाय का जात नाही?
ओसरीवर चार काड्या, रांधपात एक,
न्हाणीपाशी काहीच नाही.

तू फोनवर हसलास.
खाणीच्या काट्यावर तीस वर्षं ट्रक मोजलेस बाई,
तांबड्या दगडात लोखंड असतं हे मी सांगायचं?
वायर ओढ. वायरीचं एक टोक दुसऱ्या टोकाला ओळखतं.

ओढली.
देवळीच्या वरून, वाशांना खिळे मारत,
शेवटचे दोन हात कमी पडले
म्हणून मशीनच सरकवलं घडवंचीवर.
लिलावातलं मशीन. खाण बंद झाली तेव्हा अठराशेला घेतलं,
माझंच, काट्यावरचं.
अजून त्याच्या पंख्यातून कापसाच्या काडीवर
डिचोलीची धूळ निघते.

दुसरा प्रश्न.
बाहेरून घरात शिरायचं कसं?
कंपनीचा पोरगा म्हणतो, अख्ख्या वाड्याला मिळून एकच पत्ता,
स्वतःचा हवा तर महिना अडीचशे जास्त.
मी म्हटलं, माझ्या घराला पत्ता आहे,
पोस्टमन येतो.
तो म्हणाला, तसा नव्हे, मावशी.

तिसरा माझा नव्हे, भाच्याचा.
एवढा खटाटोप कशाला?
फोटो सगळ्यांचे जातात तिथेच जाऊ देत की,
तुझ्या फोटोंत असं आहे तरी काय?

काय आहे?
आईचे औषधांचे कागद. शेजारणीच्या लग्नातली एक पंगत.
एक्कावन्न मांजरं, त्यांतली बरीचशी तीच ती.
मला उत्तर देता आलं नाही, तुला आलं.
मडगावच्या एक्स्चेंजात होतो, म्हणालास,
कानाला हेडफोन, हातात प्लग.
कोण कोणाकडे उसने मागतो, कोण रडतो,
कोण फोन उचलून नुसताच श्वास घेतो.
ऐकायचं नव्हतं, पण ऐकू यायचं.
तेव्हापासून मला वाटतं,
माणसाकडे एक तरी वायर अशी हवी
जिच्या मध्ये मी बसलेला नाही.

मग ते ठरलं.
घर जळालं, चोर आला, वीज कोसळली
तर एक प्रत दुसऱ्या गावात हवी.
फोंड्याच्या बसस्टँडवर, भजी खाता खाता
आपण डिस्का बदलल्या.
माझी कुडतरीला, तुझ्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात.
तुझी डिचोलीला, माझ्या उकड्या तांदळात, दमटपणा लागू नये म्हणून.
दोन्हींना कुलूप.
तू माझी किल्ली विचारली नाहीस.
मी तुझी विचारली नाही.
याहून जास्त विश्वास मी कोणावर टाकलेला नाही,
नवऱ्यावर धरून.

ऑगस्टात तू गेलास.
जोव्हिता आली, नेसली होती ती काळा ड्रेस,
पाय न पुसता आत आली, मग परत जाऊन पुसले.
पपाच्या मशीनची डिस्क उडाली, म्हणाली,
घरी कोणी बंद केलंच नाही, लाईट येत-जात राहिली.
त्यात ममीचा आवाज होता.
लदिन म्हणताना. एकदाच रेकॉर्ड केलेला.
तुम्ही त्यांच्या मैत्रीण,
तुम्हाला सांगितलाच असेल ना पासवर्ड?

तांदूळ उपसून डिस्क तिच्या हातात दिली.
चार दाणे चिकटलेले, तिने एकेक काढले.
आम्ही जोडून बघितली.
कुत्र्याचं नाव. लग्नाची तारीख. एक्स्चेंजाचा जुना नंबर.
दर वेळी तीच ओळ, नम्रपणे:
चुकीची किल्ली.

डिस्क ती घेऊन गेली नाही.
इथेच बरी, म्हणाली, कोरडी.

चौथा प्रश्न, वेनांसियो.
कुलूप न उघडता डिस्कची तब्येत तपासता येते का?
येते. काल तपासली.
खराब जागा शून्य.
फिरण्याचे तास तीन हजार एकशे बारा.
तापमान उत्तम.

आज माझी किल्ली कागदावर लिहिली.
सात शब्द. माझ्याच अक्षरात ते ओळखीचे वाटेनात.
भाच्याला देऊ? जोव्हिताला? देवळीत ठेवू?
कागद हातात घेऊन उभी आहे
आणि लाईट गेली.
घडवंचीवर यूपीएस ओरडतोय.
बारा मिनिटं चालतो तो.