मार्केटला

कोपरखैरण्याला आमच्या ओळीत
कुणाचेही वडील कुठे असतात विचारा,
उत्तर एकच : मार्केटला.
कुठल्या, हे कुणी विचारत नाही.
तुर्भ्याला उतरलं की नाकालाच कळतं.

बीएमएसच्या फॉर्मवर मी मार्केटिंगपुढे खूण केली
तेव्हा आई शेजारच्या पार्टे काकूंना म्हणाली,
ही पण मार्केटलाच जाणार,
पण बसून.

पहिलं काम उभ्यानेच मिळालं.
वाशीच्या मॉलसमोर, पाणी शुद्ध करायच्या मशीनची पत्रकं,
दिवसाला पाचशे.
लोक घेत, आणि बारा पावलांवरच्या डब्यात टाकत.
बारा, मी मोजली होती.
दुपारी गर्दी ओसरली की डब्यातली वरची वरची काढायची,
मांडीवर घासून सुरकुती मोडायची,
पुन्हा हसून पुढे करायची.
एका बाईंनी तेच पत्रक दोनदा घेतलं
आणि दोन्ही वेळा थँक्यू म्हटलं.

सातवी मुलाखत महाप्याला.
दातार सरांनी विचारलं, मार्केटचा अनुभव?
म्हटलं, घरात एकतीस वर्षांचा आहे.
सेगमेंट?
कांदा-बटाटा.
ते हसले नाहीत. हसले असते तर मला सोपं गेलं असतं.
कागदावर काहीतरी लिहिलं.
मला उलटं वाचता येतं;
बाबा हजेरीचा हिशेब मांडायला बसत
तेव्हा मी समोरून आकडे शिकले.
लिहिलं होतं : भाषा बरी.

त्या दोन शब्दांवर चार वर्षं निघाली.
आता कार्डावर सुलक्षणा ढेबे,
खाली असिस्टंट मॅनेजर, ब्रँड.
बाबांनी एक कार्ड मागून घेतलं.
टोळीच्या बिल्ल्यामागे, प्लॅस्टिकमध्ये,
घामाने त्यातला फोन नंबर पुसत आलाय.

मार्चमध्ये आंब्याचं काम आलं.
एका पानाच्या ब्रीफमध्ये 'अस्सल' चार वेळा.
नमुन्याची पेटी मी घरी आणली.
बाबांनी एक फळ उचललं, देठापाशी नाक नेलं,
म्हणाले, घाटाखालचा नाही हा.
चांगलाय, खा.
नाव तेवढं दुसऱ्याचं लावलंय.

मग खांद्यावरचा टॉवेल माझ्या हातावर टाकला,
आत हात घातला,
आणि माझी बोटं एकेक करून दाबली :
दोन. मग आख्खा पंजा.
एवढ्याला जाईल डझन.
बाबा काही दलाल नाहीत.
त्यांच्या हाताला कधी कुणी भाव सांगितला नाही.
त्यांनी फक्त पाहिलंय,
पाठीवर पोतं,
समोरचे दोघे रुमालाखालून हात काढून
वाट देईपर्यंत.

मीटिंगमध्ये मी 'अस्सल' चारही ठिकाणी खोडला.
लिहिलं : गोड आहे. कापून बघा.
क्लायंट म्हणाला, कुठला ते नाही लिहिणार?
म्हटलं, खरं लिहायचं असेल तर लिहू.
दातार सरांनी बाटलीचं झाकण उघडलं,
पाणी न पिता बंद केलं.

रबाळ्याला होर्डिंग लागलं.
'अस्सल' माणसाच्या उंचीचा, सोनेरी.
खाली कोपऱ्यात, पायपुसण्याएवढ्या जागेत,
गोड आहे. कापून बघा.
मी नोकरी सोडली नाही. घराचा हप्ता पाच तारखेला जातो.

बाबांनी ते बसमधून पाहिलं.
रात्री जेवताना म्हणाले, खालची ओळ तुझी ना?
कशावरून?
वजनाला बरोबर आहे.

मग भाकरीचा तुकडा मोडत विचारलं,
आणि वरच्या शब्दाचे कुणाला मिळाले?
मला माहीत नव्हतं.
तुझ्या ओळीचे वेगळे?
नाही, पगारातच.

असं, म्हणाले,
आणि बराच वेळ चावत राहिले.
म्हणजे माल पोचला,
हमाली राहिली.