विहीणबाईंना पेठा दाखवताना

नेरिसबाईंच्या गावाचं नाव मला येत नाही.
जीभ ‘ळ’ला लावता तिथेच लावा, म्हणाल्या,
आणि कडेने नुसती हवा सोडा.
सोडली. बोळातलं मांजर पळालं.
त्यांना ‘केळं’ येत नाही. फिट्टंफाट.

डुल्या मारुती झाला, पत्र्या मारुती झाला,
भिकारदासापाशी त्या थांबल्याच:
प्रत्येकाला वेगळं नाव?
म्हटलं, एवढे आहेत म्हणून. नाहीतर पत्ता कसा सांगायचा?

हसल्या. वेल्समध्ये आमचे जोन्स तसेच.
जोन्स दूध. जोन्स पोस्ट.
एक इव्हान इव्हान्स होता,
त्याला अख्खं गाव ‘दोनदा’ म्हणायचं.

जिलब्या मारुतीपाशी विचारलं, जिलबी?
मी इकडेतिकडे पाहिलं.
मोबाइलची कव्हरं, झिपा, फॉलपिको.
नाव राहिलंय, म्हटलं.

बऱ्याच वेळाने, सँडलचा पट्टा लावता लावता,
वर न बघता म्हणाल्या:
माझे वडील जोन्स कोळसा.
मी सातवीत असताना वखार बंद झाली,
पुढे तीस वर्षं ते शाळेत घंटा द्यायचे.
दगडावर कोळसाच कोरलंय.

चला, म्हटलं,
पुढच्या चौकात मिळते जिलबी.