पायांचा हिशेब

आम्ही त्यांना नावानं कधी ओळखलं नाही.
पायांनी ओळखायचो.
पहिला हातात आला तेव्हा सोळा पाय होते त्याला,
गोमेच्या पिल्लासारखा काळा,
तळहातावर ठेवला तर गुदगुल्या करील असा.

साल त्र्याहत्तर. पेनांग बेटाचं दक्षिण टोक, बायान लेपास.
आदल्या वर्षापर्यंत जिथं माझ्या मामाची भातखाचरं होती
तिथं पांढरा कारखाना,
आणि आत
आमच्या बेटाला ठाऊकच नसलेली थंडी.

मी मझ्नाह, सतरा वर्षांची. बिल्ला क्रमांक २१४७.
सूक्ष्मदर्शकाला डोळे लावायचे,
टिकलीएवढ्या सिलिकॉनच्या कडेपासून पायापर्यंत
केसाहून बारीक सोन्याची तार ओढायची,
पेडल दाबायचं. टक्.
पुढचा पाय. टक्.
दिवसभर सोनं ओवायचो आम्ही,
कानात मात्र पितळ.

मग चाळीस पायांचा आला.
बाळाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणे;
याचे मोजावे लागत, पाळीला आठशे वेळा.
शेजारच्या खुर्चीवरची स्यू खिम होकियन भाषेत मोजायची,
मी मलायमध्ये,
आणि अडतिसाव्याला दोघी हटकून अडखळायचो.

एका रात्री तीनच्या सुमाराला जबेदा किंचाळली.
चिपवर एक म्हातारा उभा आहे,
माझ्याकडे बघतोय, म्हणाली.
तिच्यामागून वीस जणी किंचाळल्या.
सकाळी मांत्रिक आला, जनरेटरमागे बकरा कापला,
दुपारच्या पाळीला आकडे पुन्हा जागेवर.
मी कुणाला सांगितलं नाही
पण त्या भिंगातून मीही पाहिलं होतं:
रस्ते होते, चौक होते, वळणं होती,
आणि माणूस एकही नव्हता.
मला त्याचीच जास्त भीती वाटायची.

अडुसष्ट पायांचा आला, चौफेर पाय.
त्यामागून रुंद रस्ते आले, समुद्रावर पूल आला,
मंत्री टीव्हीवर प्रगती म्हणाले.
पायगुण कुणाचा, ते आम्हाला माहीत होतं.

पंच्याऐंशी साली यंत्र आलं,
न बघता तार ओढणारं.
शुक्रवारी पाकिटं वाटली.
एकशे बत्तीस पायांचा त्याच वर्षी आला,
असं स्यू खिम सांगते. ती तपासणीला उरली होती.
मी तो मोजला नाही.

फाटकासमोर मी नारळीभाताची गाडी लावली.
बातम्या आता केळीच्या पानावरून यायच्या:
इंजिनिअर पोरं जेवता जेवता बोलत,
एकशे अडुसष्ट, मग एकदम दोनशे त्र्याहत्तर.
एक जण म्हणाला, यापुढे प्रोसेसरला नंबर नाही, नाव ठेवणार.
कोर्टानं सांगितलंय,
आकड्यावर कुणाची मालकी नसते.
सांबल वाढता वाढता माझा हात थांबला.
बारा वर्षं मी २१४७ होते.
ती कुणाची होते?
तो म्हणाला, काकू, सांबल जरा जास्त घाला.

काल नातू लुकमान जेवणाच्या टेबलावर
स्वतःचा कॉम्प्युटर जुळवत बसला होता.
नव्या पिढीचा आहे, तोक, म्हणत
त्यानं एक चपटा चौकोन माझ्या हातावर ठेवला.
उलटा करून पाहिला.
गुदगुल्या नाहीत.
याचे पाय कुठेत रे?
याला नसतात. पाय आता बैठकीला असतात,
हा नुसता बसतो.

खाली सोनेरी ठिपके, रांगाच रांगा,
पेरणी झालेल्या खाचरासारख्या.
माझे गुडघे गेलेत, उजव्या डोळ्यात मोती पिकलाय.
डावा सवयीनं कडेपाशी गेला
आणि सुरू झाला.
नव्वदच्या पुढे आले तेव्हा लुकमान म्हणाला,
पुरे आता, लावायचाय मला.

थांब, म्हटलं.
अडतिसाव्याला आज अडखळले नाही.
मोजू दे.